कोपऱ्यातल्या चौकटीवरची पट्टी

मित्रांनो, शिंप्याच्या दुकानात कापड बेतायचे कागदी फर्मे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर एक काळा चपटा डबा ठेवलेला दिसला, तर "काय हे भंगार!" असे म्हणू नका. तो डबा मी आहे. मी काही वजन म्हणून जन्माला आलो नाही. मी सेट-टॉप बॉक्स आहे. म्हणजे होतो. केबलची वायर माझ्या पाठीत शिरायची आणि माझ्या पोटातून चित्र होऊन टीव्हीवर जायची. आता पाठीला वायर नाही आणि पोटात धूळ आहे. पण गप्प बसायची सवय मला कधीच नव्हती, तेव्हा ऐका.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. सरकत्या पट्ट्यावरून माझे सख्खे भाऊ पुढेमागे येत होते, सगळे एकाच तोंडवळ्याचे. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या कुशीत एक कार्ड खोचले, झाकण बसवले आणि शेजारणीला म्हणाली, "चल, हा एक झाला." माझे कौतुक ते एवढेच. ते कार्ड म्हणजे माझ्या किल्ल्या. पण कुठले कुलूप उघडायचे आणि कुठले नाही, हे ठरायचे केबल कंपनीच्या ऑफिसातून. हुकूम आला की मी उघडायचो, हुकूम आला की बंद करायचो. मला अक्कल दिली, पण अधिकार मात्र दिला नाही.

केबलवाला मला मास्तरांकडे घेऊन आला. हा केबलवाला म्हणजे खांद्यावर वायरचे वेटोळे, कमरेला पक्कड आणि तोंडात कायम "झालंच समजा." गल्लीत सगळीकडे त्याचीच वायर. मास्तर म्हणजे शिंपी. पुढे दुकान, मागे राहायची खोली. मास्तरांना जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांच्याबरोबर राहायची त्यांची मोठी बहीण. तिला अख्खी गल्ली आत्या म्हणते. आत्याला ऐकू येते आणि बोलता तर इतके येते की दोघांचा वाटा एकटीच संपवते. भावाशी हातांनी बोलताना तिचे तोंडही बरोबर चालू असते. म्हणूनच तर मला सगळे कळायचे!

आणि होती टाचणी. मास्तरांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेली, ती बापाच्या मशीनजवळच वाढली. अंगाने काटकुळी, स्वभावाने टोकदार आणि ओठांत सदा टाचण्या धरलेल्या, म्हणून टाचणी. गिऱ्हाईक काय म्हणते ते ती हातांनी बापाला सांगायची आणि बाप काय म्हणतो ते तोंडाने गिऱ्हाइकाला. ती नसली की मास्तर कापडाच्या खडूने काळ्या टेबलावर लिहून विचारायचे, "बाही केवढी?" पण ती असली की खडू खिशातून निघायचा नाही.

या घराच्या काही खुणा जगात दुसरीकडे कुठे सापडायच्या नाहीत. मानेपासून छातीपर्यंत दोन्ही हात खाली ओढले, म्हणजे गळ्यातली टेप. म्हणजे बाबा. कॉलरला चिमटा घेतला, म्हणजे टाचणी. आणि छातीशी एका हाताने सुई धरून दुसऱ्याने दोरा ओवल्यासारखे केले, म्हणजे बघ, नीट बघ. दोरा ओवताना सगळा जीव डोळ्यांत आणावा लागतो ना, म्हणून. गिऱ्हाईक पोट आत ओढून माप द्यायला लागले की टाचणी हळूच ती खूण करायची आणि मास्तर हसू दाबत टेप थोडी सैल सोडायचे.

मग टाचणी मोठी झाली आणि तिला शहरात नोकरी लागली. कसली, सांगतो. बातम्यांच्या चॅनलवर, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते. तिच्यात उभे राहून कुणीतरी सगळ्या बातम्या हातांनी सांगते. ते काम. टाचणी आनंदाने नाचत घरी आली. मास्तरांनी मशीनवरचा पाय काढला नाही. शेवटी त्यांनी हात उचलले. आत्याने नेहमीच्या सवयीने ते शब्द मोठ्याने उच्चारले आणि उच्चारून झाल्यावर स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"मला मुका करून चाललीस. जा. परत येऊ नको."

टाचणीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या आणि ती गेली. तीही त्याच बापाची लेक. फोन यायचे ते आत्याला. बाबा कसे आहेत एवढेच विचारायची. मास्तरांनी आत्याकडून वचनच घेतले होते, आपल्याबद्दल तिला काही सांगायचे नाही. त्यामुळे पोरगी आडून आडून विचारायला लागली की आत्या लगेच हवापाण्यावर घसरायची.

पण मित्रांनो, मला सगळे माहीत होते. संध्याकाळी पाचला मास्तर दुकानाचा पडदा ओढायचे, माझ्या पाठीवर तळवा ठेवून मी गरम आहे ना ते पाहायचे आणि बातम्यांचे चॅनल लावायचे. आवाज बंद. इतक्या जवळ उभे राहायचे की त्यांचा श्वास काचेवर उमटायचा. बातम्या काय आहेत याच्याशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. ते फक्त खालचा कोपरा बघायचे. बातम्या संपल्या की टाचणी कॉलर नीट केल्यासारखे करून तिला हलकेच चिमटा घ्यायची. बघणाऱ्यांना वाटायचे, काय नीटनेटकी मुलगी आहे! मास्तरांना कळायचे: मी टाचणी, मी ठीक आहे. मग ते पडदा उघडायचे आणि आत्या विचारायची, "काय रे, काय बघत होतास?" तर हात झटकून सांगायचे, "काही नाही. क्रिकेट."

बाप बघतो की नाही हे तिला माहीत नव्हते. तरी रोज चिमटा घ्यायची.

असे सगळे बरे चालले होते आणि वर भांडण लागले. वर म्हणजे आमच्या डोक्यावर, जिथून हुकूम यायचे तिथे. चॅनलवाल्यांना केबल कंपनीकडून जास्त भाव हवा होता. कंपनी म्हणे, एवढा कुठून आणू? बोलणी फिसकटली. दोघे मोठे, दोघे हट्टी, आणि दोघांच्या हातात माझा पडदा! चॅनलवाल्यांनी वरच्या बाजूला पट्टी सोडली: "तुमचा केबलवाला आमचं चॅनल बंद करतो आहे. त्याला जाब विचारा!" दुसऱ्याच दिवशी मला ऑफिसातून हुकूम आला, खालून आपली पट्टी लाव. मी लावली. लाल, जाडजूड: "चॅनलवाले अवाच्या सवा भाव मागत आहेत. आम्ही तुमच्यासाठी लढत आहोत! शुक्रवारपासून हे चॅनल दिसणार नाही."

ती पट्टी बरोब्बर खालच्या कोपऱ्यावरून जात होती. टाचणीचा चेहरा वर दिसायचा, मान दिसायची, आणि छातीपासून खाली लाल पट्टी. हात नाहीत! हातांनी बोलणाऱ्या माणसाचे हातच मी झाकत होतो. हुकूम होता. माझ्या किल्ल्या माझ्या हातात असत्या तर ती पट्टी मी फाडून खाल्ली असती.

पहिल्या दिवशी मास्तरांनी रिमोटची सगळी बटणे दाबून पाहिली. मग पुढे होऊन काचेवर नख लावले, कापडावरचे लेबल उसवावे तसे. पट्टी हलली नाही.

आणि त्याच दिवशी, बातम्यांच्या शेवटी, टाचणीने कॉलरला चिमटा घेतला आणि ती थांबली नाही. तिने दोन्ही हात मानेशी नेले. टेप. बाबा! मास्तर ताठ झाले. हात मानेवरून खाली आले, छातीशी, आणि पट्टीखाली गेले. तिथे काहीतरी चालू होते, कारण खांदे हलत होते. तिच्या भुवया उंच झाल्या. आत्या दारातच उभी होती, मास्तरांना तिचे भानही नव्हते. हातांनी बोलणारा माणूस प्रश्न विचारताना भुवया उंचावतो, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होते. मग जाहिरात लागली.

"बाबा" म्हणून हाक आली होती. पुढे प्रश्न होता. आणि प्रश्न माझ्या पट्टीखाली गाडला गेला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टेप, पट्टी, भुवया. मास्तर गुडघ्यांवर बसून खालून वर बघत होते, जणू पट्टीच्या खालून डोकावता येईल. तिसऱ्या दिवशी तिच्या भुवया नुसत्या उंच नव्हत्या, कपाळावर आठ्या होत्या. पोरगी काळजीत होती. कसली? आजारी आहे? कुणी त्रास देते? काही हवे आहे? मास्तरांनी त्या दिवशी एका शर्टाच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूला जोडल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असे कधी झाले नव्हते. आत्याने तो शर्ट उचलून त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे कुणाला शिवलंस? हे बघ, तुझं क्रिकेट मला पहिल्यापासून ठाऊक आहे. माझ्या फोनवरून लाव तिला. समोरासमोर दिसते त्यात. विचार ना, काय म्हणत होतीस म्हणून!"

मास्तरांचे हात चाबकासारखे चालले. आत्या ते मोठ्याने वाचत गेली आणि लगेच स्वतःचे उत्तरही त्यांना ऐकवत गेली. "विचारलं तर तिला कळेल मी रोज बघतो! अरे, मग कळू दे की! आकाश कोसळणार आहे का? ... 'परत येऊ नको' असं मी म्हणालो. आता कुठल्या तोंडानं? ... याच तोंडानं, दुसरं आहे का तुला?"

मास्तरांनी पाठ फिरवली. पाठ फिरवली की त्यांच्याशी बोलणे संपले. आत्या बिचारी एकटीच बोलत राहिली. फोनवर बातम्या लावून बघायचाही तिने खटाटोप केला, पण फोनवरच्या त्या बातम्यांत कोपऱ्यातली चौकटच नसायची.

मग तिने केबलवाल्याला धरून आणले. अगदी मानगुटीला धरून नव्हे, पण जवळपास तसेच. मास्तरांनी काळ्या टेबलावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले: पट्टी काढ.

"मास्तर, मला कोण विचारतंय हो?" केबलवाला रडकुंडीला आला. "वर दोघं भांडतायत आणि खाली शिव्या मी खातोय. सकाळपासून माझ्या दारात माणसं. एकानं तर माझी शिडीच पळवली!"

मास्तरांनी "पट्टी काढ" खाली रेघ मारली. खडू तुटला.

आत्या म्हणाली, "अरे, त्याची पोरगी बोलते तिथं. त्या पट्टीखाली त्याची पोरगी बोलतेय."

केबलवाल्याने टीव्हीकडे पाहिले, मग मास्तरांकडे. त्याचा चेहराच उतरला. "उद्या गुरुवार. शेवटचा दिवस. ऑफिसात माझी ओळख आहे, एवढ्या एका बॉक्सची पट्टी काढायला लावतो. पाचच्या आत. झालंच समजा."

मित्रांनो, तो गुरुवार मी विसरणार नाही. मास्तरांनी दुपारपासून सुईला हात लावला नाही. माझ्या पाठीवर तळवा ठेवायचे, काढायचे, पुन्हा ठेवायचे. मी वायरीकडे कान लावून बसलो होतो. एक हुकूम हवा होता, फक्त एक! पाच वाजत आले तसे मास्तरांनी पडदा ओढला. या वेळी आत्याला बाहेर काढले नाही. ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. चार डोळे एका कोपऱ्यावर.

आणि हुकूम आला.

मला आनंद झाला. मूर्ख मी! तो हुकूम होता पट्टी दुप्पट मोठी करण्याचा. शेवटचा दिवस ना, कंपनीला शेवटचे ओरडायचे होते. ती लाल पट्टी टाचणीच्या नाकापर्यंत आली. त्या दिवशी टेपही दिसली नाही, कॉलरही दिसली नाही. दिसले ते फक्त तिचे डोळे आणि भुवया. ते डोळे बातम्यांच्या शेवटी थेट आमच्याकडे बघत होते. पाण्याने भरलेले. भुवया उंच. मग जाहिरात.

आत्याने पुढे होऊन टीव्ही बंद केला.

शुक्रवारी पाचला मास्तरांनी तरीही टीव्ही लावला. वायरीतून चॅनल माझ्यापर्यंत येत होते, तुम्हाला खोटे वाटेल पण येत होते. दारावर थाप पडावी तसे ते माझ्या पोटाशी येऊन थडकत होते. टाचणी त्याच्यात असेल, तिचे मोकळे हात असतील. पण ते होते बंद पाकीट, आणि किल्ली ऑफिसने काढून घेतली होती. मी पडद्यावर दाखवले ते एवढेच: "या चॅनलची सेवा उपलब्ध नाही."

मास्तरांनी मला एक थप्पड मारली. मग दुसरी. मग वायर उपटली, मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलले, आणि मला वाटले, संपले. आत्या ओरडली. ओरडून उपयोग नाही हे ती या घरात आयुष्यभर विसरत आली आहे. मी डोळे मिटले असते, पण मला असतो एकच, तोही रिमोटसाठी.

मास्तर तसेच उभे राहिले. मग त्यांनी मला हळूच टेबलावर ठेवले, तुटक्या खडूच्या शेजारी. आत्याच्या कमरेला खोचलेला फोन ओढून काढला आणि तिच्यासमोर धरला. आत्याने नंबर लावला.

आता अडचण अशी, की फोन हातात धरला तर बोलणार कशाने? मास्तरांना दोन्ही हात मोकळे हवेत. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि फोन माझ्या अंगाला टेकवून उभा केला. फोनची पाठ माझ्याकडे, त्यामुळे टाचणी मला दिसत नव्हती. मला दिसत होते ते मास्तर. आणि ऐकू येत होती आत्या.

फोन वाजत राहिला. पाचच्या बातम्या नुकत्याच संपल्या असतील. उचलणार नाही बहुतेक. मास्तरांचा हात फोन बंद करायला पुढे आला आणि तेवढ्यात त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"उचलला," आत्या पुटपुटली.

मास्तरांनी दोन्ही हात उचलले. मग त्यांनी ते मानेशी नेले. टेप खाली ओढली, छातीपर्यंत, आणि तिथे हात थांबवले. डाव्या हाताने छातीवर एक आडवी पट्टी ओढून दाखवली. आणि भुवया उंचावून तळवे उघडले. आत्या बोलत गेली. "बाबा... इथपर्यंत दिसलं. पुढे पट्टी होती. यानंतर काय म्हणत होतीस?"

पलीकडे काहीतरी झाले असावे, कारण मास्तर एकदम पुढे झुकले.

"रडतेय रे ती," आत्या म्हणाली. "तोंडावर हात धरलाय. ... थांब. सांगतेय. म्हणतेय, आमच्या ऑफिसात म्हणाले, इतक्या घरांतून आपलं चॅनल जाणार, मग ती कोपऱ्यातली चौकट ठेवायची कशाला, तिला बघतं कोण? मला एकही माणूस दाखवता आला नाही. उद्या मी स्वतःच सोडून देणार होते."

मास्तरांनी मान हलवली. ते नको. त्यांनी पुन्हा तेच विचारले. पट्टीखाली काय होते?

आत्या फोनकडे बघत राहिली. मग तिने पदर डोळ्यांना लावला आणि बोलायच्या ऐवजी ती खूण स्वतःच करून दाखवली. छातीशी एका हातात नसलेली सुई धरली आणि दुसऱ्या हाताने नसलेला दोरा ओवला.

"बाबा," आत्या म्हणाली, "बघताय का? एवढंच विचारत होती रे पोरगी. रोज. बघताय का?"

मास्तरांनी उत्तर द्यायला हात उचलले. मग अगदी सावकाश सुई ओवली, एकदा, दोनदा, कितीदा तरी. आणि शेवटी हाताने तिला जवळ बोलावले. ही खूण सगळ्या जगात एकच आहे. ये.

काही आठवड्यांनी वरच्या दोघांचे जमले. चॅनल परत आले. त्या दिवशी दोघांनी मिळून एक नवी पट्टी लावली: "आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत!" तीही त्याच कोपऱ्यावर. चौकट टिकली होती, टाचणीची नोकरीही, पण चौकटीत त्या दिवशी दुसरीच मुलगी होती. टाचणी सुट्टी काढून दुकानात आली होती, ओठांत टाचण्या धरून, आणि मास्तर त्या दुसऱ्या मुलीच्या हातांना नावे ठेवत होते.

पुढे केबलवाल्याने नवा, पातळ बॉक्स आणून दिला आणि मला भंगारात न्यायला पिशवी उघडली. मास्तरांनी मला त्याच्या हातातून काढून घेतले. तेव्हापासून मी इथे आहे. आत्या पुसते कधीतरी, तिला वेळ झाला तर. आणि संध्याकाळी बातम्या संपल्यावर फोन आला, की तो अजूनही माझ्याच अंगाला टेकवतात.

मित्रांनो, तुम्ही भांडाल तेव्हा खुशाल भांडा. मी कोण तुम्हाला अडवणारा? फक्त आपल्या भांडणाची पट्टी कुणाच्या हातांवरून जाते आहे, तेवढे खाली वाकून बघा. आणि तुमच्या घरातले कुणी दूर कुठेतरी, एखाद्या कोपऱ्यात उभे राहून रोज तुमच्यासाठी हात हलवत असेल, तर नुसते पडदा ओढून चोरून बघत बसू नका. बघतोय, असे त्याला सांगा. पडद्यातून तुम्ही त्याला दिसत नाही.